शक्ती गेली की अडली

एखाद्या वस्तूकडून जे कार्य नित्य होत असे ते एकाएकी होईनासे झाले, आणि तिच्या बाह्य रूपात तर काहीच पालट दिसत नाही, अशा वेळी तिच्यातील शक्ती नाहीशी झाली असे म्हणावे, की शक्ती जिथल्या तिथे असून तिच्या वाटेत काही आडवे आले आहे असे म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडील दर्शनकारांनी कित्येक शतके मोठ्या बारकाईने चर्चिला आहे. आणि तरीही तो आज केवळ पाठशाळेच्या चार भिंतींत राहिला, याचे मला मनापासून वाईट वाटते. भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे मोहाडी हे शक्तीच्या उपासनेचे गाव आहे. नवरात्रात चौंडेश्वरी मातेच्या दर्शनाला पंचक्रोशीतून आणि पंचक्रोशीबाहेरूनही लोक येतात, आणि देवीपुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत एक गाऱ्हाणे निरनिराळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा ऐकू येते: अंगात पूर्वीचे बळ राहिले नाही, घरात बरकत राहिली नाही, नामस्मरणात गोडी राहिली नाही, आईची कृपा आमच्यावरून उठली. असे म्हणणारा भाविक नकळत एका दार्शनिक पक्षाच्या बाजूने कौल देत असतो. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्यांना वाचनाची आणि विचाराची सवड मिळाली आहे त्यांनी तरी तो पक्ष तपासून पाहण्याची जबाबदारी टाळू नये.

वादाचे मूळ उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी जाळतो हे सर्वांना मान्य. परंतु एक विशिष्ट मणी जवळ आणून ठेवला किंवा एखादा मंत्र म्हटला की तोच अग्नी, त्याच ज्वाळांनी धगधगत असताही, हात भाजीत नाही, अशी त्या काळची समजूत होती. ती समजूत खरी की खोटी याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तिच्यावर उभारलेला युक्तिवाद पाहावयाचा आहे. मीमांसक म्हणत की अग्नीचे रूप, उष्णता, ज्वाळा हे सर्व डोळ्यांपुढे कायम असताना दाहच तेवढा होत नाही, त्या अर्थी दाह करणारी म्हणून अग्नीत काही निराळी, इंद्रियांना न दिसणारी, केवळ कार्यावरून ओळखावी लागणारी शक्ती असली पाहिजे, आणि मण्याने तिचाच नाश केला असला पाहिजे. त्यांच्यातील प्राभाकरांनी तर या शक्तीला स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, ही वाढीव नोंद मंजूर नव्हती. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या पहिल्याच स्तबकात या मताचा समाचार घेतला आहे, आणि ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात अग्नी आणि मणी यांच्यावर एवढी शाई खर्ची पडावी, ही गोष्टच या प्रश्नाचे वजन दाखविते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अग्नीतून काहीही गेलेले नाही. दाह होण्यास जी कारणसामग्री लागते तिच्यात अग्नी आणि इंधन यांच्याबरोबरच ‘आड येणाऱ्याचा अभाव’ हाही एक घटक आहे, आणि मणी आल्याने तो घटक तेवढा कमी पडला. मणी उचला, दुसरे काही करू नका. अग्नी जाळू लागेल. कारणांच्या यादीत अशा रीतीने एका अभावाला, एका नसण्याला, सन्मानाने जागा देण्याचे धाडस भारतीय तर्कशास्त्राने केले आहे, आणि ते मला फार थोर वाटते.

हा वाद प्रत्यक्ष डोळ्यांपुढे चाललेला पाहावयाचा असेल तर जुन्या मोटारीच्या विजेइतके उत्तम स्थळ माझ्या माहितीत नाही. मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी जुनी मोटार म्हणजे बहुधा अँबॅसडर. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे १९५७ साली काढावयास घेतली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले; मधल्या काळात कचेरीच्या आवारात पांढरी अँबॅसडर उभी असणे हाच साहेब जागेवर असल्याचा दाखला मानला जाई. हिची आणि हिच्या पिढीतल्या बहुतेक मोटारींची विद्युद्रचना अशी, की बॅटरीपासून दिव्यापर्यंत वीज तारेने जाते, पण दिव्यापासून बॅटरीपर्यंत परत येण्यास निराळी तार क्वचितच असते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. बॅटरीचे एक टोक जाडजूड पट्टीने सांगाड्याला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिवा, प्रत्येक भोंगा, इंजिनला फिरविणारा सेल्फ, हे सारे आपापल्या जागी त्याच सांगाड्याला टेकून आपले मंडल पुरे करतात. कारागीर याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. म्हणजे गाडीतील अर्धे वायरिंग तारांचे आहे आणि अर्धे त्या पत्र्याचे, ज्याला आपण केवळ आवरण समजतो. तारा रंगावरून ओळखता येतात: ब्रिटिश पद्धतीत बॅटरीकडून येणारी तपकिरी, किल्लीने चालू होणारी पांढरी, मोठ्या दिव्यांची निळी, बाजूच्या बारीक दिव्यांची लाल, अर्थची काळी, पण पत्र्याच्या वाटेला रंग नसतो, आणि म्हणून तपास करणाऱ्याचे लक्ष तिच्याकडे सर्वांत शेवटी जाते.

धानाच्या पावसाळ्यात चार महिने छपरीखाली उभ्या असलेल्या अशा एका गाडीचे पुढचे दिवे गेल्या वर्षी आमच्या गावात मंदावले. पेटत, पण विझत्या निखाऱ्यासारखे लालसर. तपासणाऱ्या पहिल्या माणसाने बॅटरीतली शक्ती गेली असा निवाडा दिला. नवी बॅटरी आली, आणि दिवे होते तसेच राहिले. मग दिव्याचे बल्ब गुन्हेगार ठरले, तेही बदलले. हा क्रम कोणा एकाचा दोष नाही, तो आपल्या सर्वांच्या बुद्धीचा स्वाभाविक उतार आहे. कार्य झाले नाही की आपण प्रथम देणाऱ्याला दोष देतो, मग घेणाऱ्याला. मधल्या सांध्यांकडे, आणि त्यातही परतीच्या सांध्यांकडे, पाहण्यास आपले मन सहजी तयार होत नाही. अखेरीस ज्या वयोवृद्ध मिस्त्रींनी ते काम हाती घेतले त्यांनी बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. “गुरुजी, पयले अर्थ पाहू जी,” एवढेच ते म्हणाले, आणि दिव्याच्या वाटीमागे जिथे काळी तार एका स्क्रूने पत्र्याला आवळली होती तिथला स्क्रू त्यांनी काढला. खाली गंजाचा पातळ थर होता. पॉलिश पेपरने पत्रा उजळ केला, तारेचे थिंबल घासले, स्क्रू पुन्हा आवळला, आणि दिवे लागले. काही आणून घातले नव्हते. काही काढून टाकले होते.

या ठिकाणी एक शंका रास्त आहे. ज्या सांध्यात गंज होता त्याची परीक्षा यंत्राने आधीच का होऊ शकली नाही? तर ती झाली होती, आणि यंत्राने साक्ष दिली होती की दिव्यापर्यंत पुरे बारा व्होल्ट पोचत आहेत. ही साक्ष खोटी नव्हती, आणि तरी ती फसवी होती. यातील मर्म नीट समजून घेण्यासारखे आहे. सुमारे अठ्ठेचाळीस वॅटचा बारा व्होल्टचा दिवा पेटताना चार अँपिअर प्रवाह मागतो, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध तीन ओहम धरण्यास हरकत नाही. गंजलेल्या सांध्याने वाटेत एक ओहमची भर घातली, तर जर्मन पंडित ओहमने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमाप्रमाणे ढोबळ मानाने प्रवाह तीनच अँपिअर उरतो, बारांपैकी तीन व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात, आणि दिव्याच्या वाट्याला नेहमीच्या वीजशक्तीचा निम्म्याहून किंचितच अधिक भाग येतो. परंतु दिवा काढून त्याच जागी मीटर लावले, तर मीटर जवळजवळ काहीच मागत नाही. आजच्या अंकदर्शी मीटरचा रोध सामान्यतः एक कोटी ओहम असतो. जिथे प्रवाहच नाही तिथे सांधा तरी काय गिळणार? म्हणून मीटर निष्कलंक बारा दाखविते. सेल्फच्या बाबतीत तर हा प्रकार याहून कठोर आहे, कारण तो एका झटक्यात दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, आणि ओहमचा अवघा शंभरावा अंश एवढा दोषही तिथे दीड-दोन व्होल्ट खाऊन टाकतो. जाणता कारागीर त्यामुळे दिवा जळत ठेवून किंवा सेल्फ मारतानाच मीटरची दोन टोके सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावतो. प्रतिबंध हा मागणीच्या क्षणीच उघडा पडतो. निवांतपणी तो नाहीच असे दिसते.

मीमांसकांनी शक्तीविषयी जे म्हटले होते, की ती केवळ कार्यावरून कळते, ते प्रतिबंधालाही तितकेच लागू आहे, हे मला या मंद दिव्यांनी दाखविले. ज्याच्यावर कधी काही ओझेच पडले नाही अशा माणसाच्या अंतःकरणाची मोजणी केली तर पुरे बारा व्होल्ट भरतात. त्याची दया, त्याचे धैर्य, त्याची श्रद्धा, सर्व काही जागच्या जागी आढळते. संकट येते, कोणी दाराशी मागावयास येतो, आणि तेव्हा कळते की मधल्या कुठल्याशा सांध्यात वर्षानुवर्षांचा ओलावा साचून राहिला होता. त्या वेळी तो स्वतः म्हणतो की माझी श्रद्धा गेली. माझे म्हणणे असे आहे की हा निवाडा देण्याची त्याने घाई केली. श्रद्धा गेली नाही, तिच्याकडे पहिल्यानेच खरोखरीचे काही मागितले गेले आहे.

नैयायिकांनी आणखी एक सूक्ष्म भेद केला होता, ज्याचा उपयोग मला पोथीत कळत नव्हता. मणी जवळ असला तरी दुसरा एक ‘उत्तेजक’ जवळ आणला तर अग्नी पुन्हा जाळू लागतो, म्हणून नुसता मण्याचा अभाव हे कारण न मानता, उत्तेजकरहित अशा मण्याचा अभाव हे कारण मानावे, अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. पारिभाषिक शब्दांच्या या जाळीत भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशावाचून पाऊल टाकणे कठीण. पण जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला उत्तेजक ठाऊक आहे: दिव्याच्या वाटीवर तळहाताची एक थाप. थाप बसली की सांधा क्षणभर हलतो, गंजाचा थर कुठेतरी भेदला जातो, आणि दिवा लखकन् पेटतो. गंज गेलेला नसतो. पुढच्या खड्ड्याला दिवा पुन्हा मंदावतो. धर्मजीवनात अशा थापांना तोटा नाही. एखादे प्रभावी कीर्तन, यात्रेतली गर्दी, नवरात्रातील ज्योतींची रांग पाहून आलेला गहिवर, यांनी मन उजळते आणि घरी पोचेपर्यंत विझते. म्हणून त्यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. थापेने दिवा लागला याचा अर्थ बॅटरी शाबूत आहे, तार शाबूत आहे, बल्ब शाबूत आहे, आणि दोष एखाद्या सांध्यातच आहे. तपासाच्या दृष्टीने एवढा मोलाचा पुरावा दुसरा मिळणार नाही. ज्याला वर्षातून एकदा का होईना गहिवर येतो त्याच्यावरून कृपा उठलेली नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

तपासाचीही काही शिस्त आहे, आणि ती मोडली की सारी कैफियतच फसते. मिस्त्री मंडळी एका तारेला लावलेला लहानसा बल्ब घेऊन जागोजागी टेकवीत जातात; जिथे तो पेटत नाही तिथे वीज नाही असे मानतात. परंतु प्रत्येक वेळी, अंधाराची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी, जाणता माणूस तो बल्ब एकदा थेट बॅटरीला लावून पेटतो की नाही हे पाहून घेतो. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले खरे, पण अट घातली की वस्तू तिथे असती तर ती खात्रीने आढळलीच असती अशी योग्यता आधी सिद्ध झाली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. देव कुठेच आढळला नाही, असे सांगणाऱ्याचा मला राग येत नाही; त्याचा प्रामाणिकपणा अनेकदा आपल्या भक्तीपेक्षा सरस असतो. मात्र ज्या साधनाने त्याने शोध घेतला ते साधन आधी कुठे तरी पेटून दाखविले होते काय, एवढे त्याला विचारणे भाग आहे. आणि देव मला पदोपदी आढळतो असे म्हणणाऱ्यालाही उलट बाजूने हेच विचारले पाहिजे, कारण जो बल्ब कुठेही टेकविला तरी पेटतो तोही सदोषच असतो.

शक्ती बाहेरून आणावी लागत नाही, वाट मोकळी करावी लागते, हा विचार योगसूत्रांच्या कैवल्यपादात पतंजलींनी शेतकऱ्याच्या दृष्टान्ताने सांगितला आहे, आणि भंडारा जिल्ह्यातील माणसाला तो दृष्टान्त उलगडून सांगावा लागत नाही. वरची बांधी पाण्याने भरलेली आहे, खालच्या बांधीतले धान सुकते आहे. शेतकरी ओंजळीने पाणी वाहून नेत नाही, तो मधला धुरा फोडतो, आणि पाणी आपल्या स्वभावाने उतरते. धर्माचरणाचे काम एवढेच आहे, असे त्या सूत्राचे तात्पर्य भाष्यकार काढतात. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हेच आणखी पुढे नेले: मोक्ष उत्पन्न करता येत नाही, मिळविता येत नाही, विकाराने घडत नाही, संस्काराने येत नाही, आत्मज्ञानाचे फळ केवळ प्रतिबंधाची निवृत्ती. तरीपण हा दृष्टान्त जिथे थांबतो तिथे मोटारीची वीज पुढे जाते, असे मला वाटते. खालच्या बांधीत उतरलेले पाणी वर परतत नाही, त्याने परतावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. वीज मात्र परतीची वाट नसेल तर निघतच नाही. देणाऱ्याचा हात उघडा आहे, घेणारा सुस्थितीत आहे, आणि घेतलेले जिथून आले तिथे पोचविणारा एक सांधा तुटला आहे, एवढ्याने देणे सुरूच होत नाही. थोडे होऊन थांबते असेही नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राकडे मी या दृष्टीने पाहू लागल्यापासून, कृपेसाठी तळमळणाऱ्या माणसाला काय मिळाले नाही हे विचारण्याऐवजी त्याच्याकडून कुठे काय परत जावयाचे थांबले आहे हे विचारावे, असे मला प्रामाणिकपणे वाटू लागले आहे.

येथे विरुद्ध पक्षाला न्याय देणे जरूर आहे, आणि त्याचा साक्षीदार आमच्या अगदी जवळचा आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना जाते. लेक्लांशेने १८६६ मध्ये काढलेल्या घटातही ही काळी भुकटी होती, आणि जुन्या पाठ्यपुस्तकांनी तिला केवळ प्रतिबंध हटविणारी ठरविले होते: कार्बनच्या कांडीवर हायड्रोजन साचून विजेची वाट अडते, ती भुकटी हायड्रोजनला नाहीसे करते, एवढीच तिची कामगिरी. पुढच्या रसायनशास्त्राने हा निकाल फिरविला. ती भुकटी स्वतःच विक्रियेतील एक पक्षकार आहे, इलेक्ट्रॉन स्वीकारणारी तीच आहे, आणि ती संपली की घटाची शक्ती खरोखरच संपते. म्हणजे ज्याला आपण झाडलोट करणारा नोकर समजत होतो तो घराचा धनी निघाला. मीमांसक हे वाचते तर संतोष पावले असते. शिशाच्या बॅटरीतही असेच आहे. दीर्घकाळ उतरलेल्या बॅटरीच्या पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात, तो प्रतिबंध मानता येईल आणि काही अंशी हटविताही येईल. परंतु पाट्यांवरचा जो लगदा झडून तळाशी गाळ होऊन बसला, तो पुन्हा पाटीवर चढत नाही. तिथे काही अडलेले नाही. तिथे गेलेलेच आहे.

मनुष्यात असा गाळ होऊन बसणारा अंश आहे काय, हा खरा धर्मप्रश्न, आणि आपल्या परंपरेत त्याचे उत्तर एकमुखी नाही. जैन दर्शनाने आत्म्याचे अनंत वीर्य अंतराय कर्माने अडले आहे असे मानून प्रतिबंधाचा पक्ष जितका निःसंदिग्धपणे मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. आणि त्याच दर्शनाने काही जीव ‘अभव्य’, म्हणजे कधीही मुक्त न होणारे, असेही सांगून ठेवले. मध्वाचार्यांनी जीवांचे स्वभावतःच तीन वर्ग केले आणि त्यांतील एकालाच मुक्तियोग्य ठरविले. या थोर आचार्यांचे म्हणणे मी हलके लेखीत नाही, कारण जगात वावरताना अशी माणसे भेटतात की ज्यांच्याविषयी दुसरे काही सुचत नाही. पण बॅटरी बाद ठरविण्यापूर्वी कारागीर काय करतो ते मी पाहिले आहे. टोकांवरची पांढरी बुरशी धुतो, पाणी भरतो, सावकाश, रात्रभर, पूर्ण चार्ज करतो, काही तास तिला स्वस्थ ठेवतो, हायड्रोमीटरने सहाही कप्प्यांतील आम्लाची घनता एकेक करून पाहतो आणि ती १.२६च्या आसपास येते की नाही याची नोंद घेतो. मग तिच्यावर भार टाकतो, आणि भाराखाली व्होल्ट कोसळले तरच बरतर्फीचा हुकूम काढतो. एवढी रुजवात एका सहा कप्प्यांच्या डब्यासाठी. एका माणसाला अभव्य म्हणण्यापूर्वी त्याची बुरशी कोणी धुतली होती, त्याला रात्रभर कोणी भरले होते, त्याला स्वस्थता कधी मिळाली होती, आणि त्याच्या प्रत्येक कप्प्यात डोकावून पाहण्याचा अधिकार व साधन कोणाजवळ होते? या प्रश्नांची उत्तरे देणारा अधिकारी मला अद्याप ग्रंथांत आढळला नाही, आणि तो आढळेपर्यंत देवीपुढे कृपा उठल्याचे गाऱ्हाणे मांडणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत मी उदयनाचार्यांच्या पक्षातच राहणार आहे.